चालतंय की, पण कुणाला?

कोल्हापुरात कशालाही ‘चालतंय की’ असं उत्तर देता येतं. चहा गार झालाय? चालतंय की. यायला उशीर होईल? चालतंय की. ‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या राणादानं हे दोन शब्द महाराष्ट्रभर पोचवले, पण आमच्याकडं ते आधीपासूनच होते. समोरच्याला सांभाळून घेण्याचा मोठेपणा त्यात आहे. मात्र हेच शब्द आपण आपल्याच कामाबद्दल म्हणतो, तेव्हा तो मोठेपणा उरतो का? हा प्रश्न मला पडला घरी गाडीचं इंजिन बांधताना.

गाडी म्हणजे बाबांची जुनी मारुती ८००. हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात आलं आणि २०१४च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिलं. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन. आमची गाडी ऑईल खायला लागली होती, मागून निळा धूर यायचा. आणि ती मामेभावाला द्यायचं ठरलं होतं. कामासाठी त्याला आजऱ्याहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जावं लागतं.

धुरावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दाट ऑईल भरायचं. काही दिवस धूर कमी दिसतो. गाडी खपवायला तेवढे दिवस पुरतात. दुसरा उपाय ‘हाफ इंजिन’चा: रिंगा नव्या टाकायच्या, क्रँकला हात लावायचा नाही. तिसरा म्हणजे सगळं उतरवून, मोजून बांधायचं. मी तिसरा घेतला. चेन पुली भाड्यानं आणली आणि पार्किंगमध्येच इंजिन खोललं.

सिलिंडर सगळीकडं सारखा झिजत नाही. वरच्या बाजूला दाब आणि उष्णता जास्त, ऑईल कमी, म्हणून झीज तिथं जास्त. शिवाय पिस्टन भिंतीला बाजूनं रेटतो, त्यामुळं गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. म्हणून प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजायचा. सहा त्रिक अठरा मापं.

पहिले दोन सिलिंडर मर्यादेत होते. तिसरा नव्हता. बाबा म्हणाले, “अगं, दोन चांगले आहेत ना? मग चालतंय की.” पण एकाला बोअरिंग करायचं तर तिन्ही सिलिंडर एकाच मापाला न्यावे लागतात. म्हणजे ब्लॉक उद्यमनगरात वर्कशॉपला न्यायचा आणि तीन नवे ओव्हरसाईझ पिस्टन घ्यायचे. खर्च वाढला, गाडी आणखी आठवडाभर उभी राहिली.

क्रँकही झिजला होता. मापं नव्या क्रँकची नव्हती, पण मर्यादेच्या आत होती. तो तसाच ठेवला, फक्त बेअरिंग शेल नवे टाकले. तिथं ‘चालतंय’ मीच म्हणाले.

मॅन्युअलमध्ये बहुतेक भागांना दोन आकडे दिलेले असतात: मूळ माप किती आणि झीज कुठपर्यंत चालेल. म्हणजे ‘चालतंय’ला मॅन्युअलमध्येही जागा आहे. सगळं नव्यासारखं हवं, असा त्याचा हट्ट नाही. ‘चालतंय’ म्हणण्याआधी मोजा, एवढीच त्याची अट आहे.

पण मोजायलाही पैसे आणि दिवस लागतात. गाडी उभी राहिली की ज्याची कमाई थांबते, तो टॅक्सीवाला हाफ इंजिन करून घेतो. पुढच्या वर्षी पुन्हा खर्च येईल, हे त्याला ठाऊक असतं. तो धोका तो स्वतः पत्करतो. त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. बाबांच्या पिढीनं या शब्दावर अख्खे संसार ओढलेत.

गडबड होते ती ‘चालतंय’ म्हणणारा एक आणि भोगणारा दुसरा असला की. दाट ऑईल भरून गाडी विकणारा तेच करतो. तीन हजार आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा खाली जाऊन वर येतो. झाकलेली झीज त्या धावपळीत कधीतरी बाहेर येणारच, पण तोवर आरसी बुकावर नाव दुसऱ्याचं असतं.

आणि समजा, ती गाडी पुढं पाच वर्षं बिनबोभाट चालली, तर? मग विकणाऱ्यानं काही वाईट केलं नाही असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. त्यानं दुसऱ्याचा जीव आणि पैसा त्याला न विचारता पणाला लावला. डाव जिंकला म्हणून ते न विचारणं पुसलं जात नाही. पूल बांधणारा, औषध बनवणारा, वायरिंग करून वर प्लॅस्टर मारणारा, सगळ्यांचं काम इंजिनासारखंच बंद होतं. आत काय आहे ते करणाऱ्यालाच माहीत असतं, आणि वापरणारा त्याच्या शब्दावर विसंबतो.

गाडी देताना मी मामेभावाला एक कागद दिला. त्यावर सगळी मापं होती, आणि क्रँक मर्यादेच्या किती जवळ आलाय तेही. त्यानं तो नीट वाचला, क्रँकबद्दल दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, “चालतंय की.”

आता ते त्यानं म्हणायचं होतं.