अडतिसाव्या आठवड्यातला प्रश्न

हैदराबादेत काचीगुड्याला ताईच्या घरी माझी भाची बाळंतपणाला आली होती. अडतिसावा आठवडा लागलेला. सोबत म्हणून मी दवाखान्यात गेले. सोनोग्राफीचा कागद पाहून डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या, "पानी कम है अम्मा, आपरेशन करना पडता. परसों आ जाओ." भाचीने पर्समधून छोटी वही काढली. रात्री बसून तिने चार प्रश्न लिहून ठेवले होते. पहिला विचारला: चार दिवस थांबलं तर काय होईल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बच्चे को कुछ हुआ तो जिम्मेदारी तुम लेते क्या?" वही मिटली. उरलेले तीन प्रश्न वहीतच राहिले.

बाहेर बाकांवर बायकांची गर्दी होती. डॉक्टरांना उसंत नव्हती हे मला दिसत होतं. त्यांचा हेतू वाईट होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण पूर्ण दिवस भरलेली कोणती बाई त्या प्रश्नाला "हो, घेते" म्हणेल? सल्ला देणारा आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्यापुढे उलगडून ठेवतो आणि मग आपलं मत सांगतो. न उलगडता नुसतं मत हातात ठेवलं की तो निकाल होतो. शेवटच्या महिन्यात आपल्या लेकीसुनांना सल्ला म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा निकाल असतात, आणि त्यावर प्रश्न विचारणारी बाई आईपणालाच कमी पडली असं तिला भासवलं जातं. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला फार मोठी वाटते.

भाचीच्या कागदावर पाण्याचा आकडा 6.2 होता. गर्भजल मोजायची एक रीत अशी की पोटाचे चार भाग कल्पायचे, प्रत्येकात पाणी सर्वांत खोल कुठे आहे ते सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि चारही आकडे मिळवायचे. बेरीज 5 च्या खाली गेली की पाणी कमी धरतात. 5 ते 8 म्हणजे काठावर. दुसऱ्या रीतीत सर्वांत खोल अशी एकच जागा पाहतात, तिथे 2 सेंटिमीटर पाणी पुरतं. दोन्ही रीती ताडून पाहणाऱ्या अभ्यासांत आढळलं की पहिल्या रीतीने 'पाणी कमी' हा शिक्का जास्त बायकांवर बसतो, कळा आणायची औषधं आणि सिझर वाढतात, बाळांचं मात्र त्यामुळे अधिक भलं होत नाही. म्हणजे 6.2 वर "थांबलं तर?" हे विचारणं अडाणीपणाचं नव्हतं. गळ्याभोवती नाळ आहे म्हणून घाबरवतात, पण जन्माच्या वेळी साधारण चारातल्या एका बाळाच्या गळ्यात नाळेचा वेढा असतोच आणि त्यातली बहुतेक सुखरूप येतात. बाळ मोठं आहे म्हणतात. सोनोग्राफीतलं वजन दहा-पंधरा टक्के सहज चुकतं, 3.6 किलोचं सांगितलेलं मूल 3.2 चं निघतं. पहिलं सिझर म्हणून दुसरंही, हे तर घरोघरी पाठ झालं आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी 1916 मध्ये तसं म्हटलं, तेव्हा गर्भाशयावरचा छेद उभा असायचा. आता तो खाली आणि आडवा घेतात. त्यानंतर योग्य निवड करून नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या दहाजणींपैकी सहा-सातजणींचा तो साधतो. टाका उसवण्याचा धोका सुमारे दोनशेत एक असतो. म्हणूनच तो प्रयत्न शस्त्रक्रियेची तयारी जवळ असलेल्या ठिकाणीच करावा. पायाळू बाळ सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाहेरून हाताने फिरवता येतं, आणि जवळपास निम्म्या वेळा ते फिरतं, हे किती घरांत सांगितलं जातं?

काही वेळा मात्र प्रश्नांची वही मिटलेलीच बरी. रक्त जाऊ लागलं, वार गर्भाशयाच्या तोंडावर आहे, रक्तदाब चढला, बाळाची हालचाल मंदावली, तर आधी दवाखाना. हैदराबादला याची जुनी आठवण आहे. सातव्या निजामाच्या सूनबाई राजकन्या निलोफर यांची दासी रफत 1949 मध्ये बाळंतपणात दगावली. पुन्हा कुणी असं जाऊ नये म्हणून त्यांनी जो ध्यास घेतला त्यातून रेड हिल्सचं निलोफर रुग्णालय 1953 मध्ये उभं राहिलं. वेळेवर केलेलं सिझर दोन जीव वाचवतं, त्याला माझा नमस्कार आहे.

पण आकड्यांकडे पाहिलं की जीव वाचवण्यापलीकडचं काही दिसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझरने झाली. महाराष्ट्रात 25.4 टक्के, नागालँडात 5.2. तेलंगणात 60.7, देशात सर्वांत जास्त. तेलंगणाच्या खासगी दवाखान्यांत तर 81.5. नागालँडच्या आकड्यात न पोचलेल्या मदतीचं दुःख असणार. पण पाचातल्या चार बायकांची शरीरं नैसर्गिक बाळंतपणाला नालायक आहेत, हे कोणी मानेल? जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये 10 ते 15 टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. 2015 मध्ये तिने एखादा आकडा गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येकीला सिझर मिळण्यावर भर दिला, आणि दहा टक्क्यांच्या पुढे गेल्याने मृत्यू घटल्याचं दिसत नाही हेही नोंदवलं.

याला डॉक्टरांची हाव एवढंच कारण देणं मला पटत नाही. एकट्या डॉक्टरच्या नर्सिंग होममध्ये पहिलटकरणीच्या कळा बारा-पंधरा तास चालतात, तोवर ओपीडी, आधीची दुसरी बाळंतीण आणि स्वतःची झोप, सगळं टांगणीला. सिझर तासाभरात उरकतं, भूलतज्ज्ञाला वेळ देता येते. काही बिनसलं तर सिझर का केलं असं नातेवाईक विचारत नाहीत, का केलं नाही म्हणून काचा फोडतात. पायाळू बाळ हाताने सोडवायचं कसब नव्या डॉक्टरांच्या हाती क्वचितच येतं. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनंतर जगभर ते कसब मागे पडलं.

आणि आपण? तेलंगणात मुहूर्त काढून सिझर करवणारी घरं इतकी आहेत की राज्याचे त्यावेळचे आरोग्यमंत्री हरीश राव यांना हा विषय जाहीरपणे पुन्हा पुन्हा काढावा लागला. आमच्या मराठी घरांतही हे शिरलं आहे. दिनदर्शिकेवर नक्षत्र पाहून त्याभोवती पेनाने गोल केलेला मी एका नातलगांकडे पाहिला. सुनेला कळा सुरू व्हायच्या आत त्या गोलाची तारीख गाठायची होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या काही मुली सिझर स्वतःहून मागतात, आणि त्यांना नाजूक म्हणून हिणवणं मला क्रूर वाटतं. आई-मावश्यांकडून त्यांनी लेबर रूमच्या गोष्टी ऐकलेल्या असतात: आत एकटीला नेलं, ओरडले म्हणून मांडीवर चापट मारली, आता कशाला रडतेस म्हणून सुनावलं. जिथे सोबतीला कोणी नाही आणि वेदना कमी करायची सोय नाही, तिथे ऑपरेशनची भूल ही सुटकाच वाटणार.

म्हणून प्रश्न विचारायचा तो नॉर्मलच्या बाजूने किंवा सिझरच्या बाजूने नाही. स्कॉटलंडच्या नादीन माँटगोमेरी यांना मधुमेह होता, शरीरयष्टी लहान होती. अशा बाळंतपणात बाळाचे खांदे अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के असते हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं तर त्या सिझर मागतील असं डॉक्टरांना वाटलं. 1999 मध्ये बाळाचे खांदे अडकले आणि त्याला कायमची इजा झाली. 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा धोका आणि दुसरा मार्ग तिला सांगायलाच हवा होता. आपल्याकडे 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेची संमती होत नाही असं ठरवलं. उपचार कोणता, पर्याय कोणते, धोके कोणते, नकार दिला तर काय होईल, हे सांगितल्याशिवाय घेतलेली सही ही खरी संमती नव्हे. भाचीचा पहिला प्रश्न त्या यादीतला शेवटचाच होता.

2022 मध्ये तेलंगण सरकारने सामान्य प्रसूतीमागे कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन रक्कम जाहीर केली. हेतू समजतो, पण मला त्याची भीती वाटते. आकडा वर न्यायचा असो की खाली, बाईला मिळणारा सल्ला त्याच्या दावणीला बांधला की तो सल्ला उरत नाही. त्यापेक्षा मला आशा वाटते ती सुईणीकडून. बोगुलकुंट्याच्या फर्नांडिस रुग्णालयात डॉ. एविटा फर्नांडिस यांनी 2011 पासून शिकलेल्या सुईणी तयार करायला सुरुवात केली. 2017 मध्ये करीमनगरला सरकारी परिचारिकांचं अठरा महिन्यांचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारनेही सुईणसेवेचे नियम आखले. सुईण गर्भवतीला महिनोन्‌महिने भेटते, कळांत शेजारी बसते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात सहज विचारता आलेला प्रश्न अडतिसाव्या आठवड्यात आरोप वाटत नाही, कारण विचारणारी आणि ऐकणारी एकमेकींना ओळखत असतात.

भाचीला आम्ही दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाणी पुन्हा मोजलं, बाळाचे ठोके वीस मिनिटं कागदावर घेतले आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "वही काढ." चारही प्रश्नांची उत्तरं हिंदी-तेलुगूत मिळाली, दर तीन दिवसांनी दाखवायचं आणि हालचाल कमी वाटली तर रात्री दोनलाही यायचं, असं ठरलं. नऊ दिवसांनी कळा आल्या. सतरा तास झाले, तोंड सात सेंटिमीटर उघडलं आणि तिथेच अडलं, बाळाचे ठोके उतरू लागले. डॉक्टरांनी तिच्या उशाशी वाकून काय दिसतंय ते सांगितलं, आणखी किती थांबता येईल आणि का थांबू नये तेही. संमतीपत्र इंग्रजीत होतं. परिचारिकेने ते ओळ-ओळ करून हिंदीत वाचलं. सवयीने जावई पेन घ्यायला पुढे झाला. भाचीने मान हलवली, दोन कळांच्या मधे कुशीवर वळली आणि स्वतः सही केली. शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.