मृत जमीन जिवंत केली. तिच्या पोटात काय आहे?



जुम्याच्या नमाजनंतर भीमाकाठचा एक शेतकरी माझ्यापाशी थांबला. वडिलांच्या काळी चोपण होऊन पडलेली दोन एकर जमीन त्याने कष्टाने पुन्हा लागवडीस आणली होती. चर खणले, जिप्सम टाकले, गाळ वाहून आणला. आता तेथे पालक आणि मेथी पिकते. त्याने विचारले, "मौलाना, या पाण्यात आणि गाळात शिसे, कॅडमियम असते म्हणतात. माझ्या भाजीचा पैसा हलाल आहे ना?"

प्रश्न एकट्याचा नाही. म्हणून उत्तर सर्वांपुढे मांडतो.

प्रथम त्याच्या कष्टांविषयी. मृत जमीन जो जिवंत करील त्याचा तिच्यावर हक्क आहे, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितल्याचे अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आले आहे. मुसलमानाने लावलेल्या रोपातून पक्षी, माणूस किंवा जनावर जे खाईल ते त्याच्यासाठी सदका ठरते, ही बुखारी व मुस्लिम यांतील हदीस आपण सारेच जाणतो. परंतु त्या घासात विष असेल तर? सूरह आराफच्या छप्पन्नाव्या आयतीत अल्लाह ताला पृथ्वीची सुधारणा झाल्यानंतर तिच्यात बिघाड माजवण्यास मनाई करतो. सुधारलेल्या जमिनीच्या धन्याने ही आयत विशेष लक्षात ठेवावी.

आता आपल्या परिसराकडे पाहू. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि ते पाणी दौंडवरून उजनीच्या जलाशयाकडे जाते. शिरूर तालुक्यात रांजणगावची, तर दौंडमध्ये कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. कुरकुंभ परिसरातील ग्रामस्थ विहिरींच्या पाण्याविषयी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. 2017 पासून शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तलावांचा गाळ शेतांत पसरला जातो. गाळ ही नेमत आहे. पण ज्या पाण्यातून तो बसला, त्या पाण्याची कहाणीही तो सोबत आणतो.

क्षार आणि धातू यांतला भेद समजून घ्यावा. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला मातीपासून सोडवतो आणि निचरा चांगला असेल तर तो पाण्याबरोबर वाहून जातो. शिसे किंवा कॅडमियम असे जात नाही. ते कुजत नाही, जळत नाही, साठतच राहते. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त मातीत ते बऱ्याच अंशी बांधलेले असते. माती आम्लधर्मी झाली की सुटते. पालेभाज्या कॅडमियम विशेष शोषतात. ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचते, आणि शिसे लहान मुलांच्या बुद्धीला मारते. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून खाणीतील कॅडमियम लोकांच्या हाडांत उतरले. 1968 मध्ये सरकारने तो आजार मान्य केला. तिथली शेतजमीन पूर्ववत करण्याचे काम मात्र 2012 पर्यंत चालले.

प्रेषित (सल्ल.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, आत ओल लागते, आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे ते बजावतात. ही घटना सहीह मुस्लिममध्ये आहे. ओल हाताला लागली. शिसे हाताला लागत नाही, जिभेला कळत नाही, ग्राहकाला दिसत नाही. म्हणून येथे विक्रेत्याची अमानत अधिक जड होते. तसेच घाण खाणाऱ्या जनावराचे, म्हणजे जल्लालाचे, मांस व दूध प्रेषितांनी (सल्ल.) वर्ज्य केले, फुकहांनी त्याला काही काळ बांधून स्वच्छ चाऱ्यावर ठेवण्यास सांगितले. खाद्य कशावर पोसले गेले हे शरीअत विचारते, हा धडा त्यातून मिळतो.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. आपल्यातील अनेक घरांची रोजी भंगारावर चालते. तांब्यासाठी बांधावर तारा जाळणे, जुन्या बॅटऱ्या फोडून आम्ल ओढ्यात ओतणे, यांतून शिसे शेजाऱ्याच्या मातीत जाते. स्वतःला वा दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हा हदीसमधून आलेला नियम कारखानदारासाठी जितका, तितकाच आपल्यासाठी आहे. 2022 च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. कारखान्याला दोष देऊन मागच्या दाराने आपणच विष ओतत असू, तर आपली तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

त्या बांधवाला मी असे सांगितले: जे ठाऊक नव्हते त्याचा गुन्हा तुमच्यावर नाही, पण शंका आल्यावर शोध घेणे कर्तव्य झाले. मृदा आरोग्य पत्रिकेतील 12 घटकांमध्ये शिसे आणि कॅडमियम नाहीत. म्हणून पत्रिका चांगली आली एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. माती, विहिरीचे पाणी आणि भाजी यांची जड धातूंसाठी वेगळी तपासणी प्रयोगशाळेत मागा. खर्च जड वाटला तर एका शिवारातील पाच-सहा जण मिळून करा. जमातीनेही हातभार लावावा. शहरी कचऱ्याचे कंपोस्ट घेताना विचारा: खत नियंत्रण आदेशानुसार किलोमागे शिसे 100 आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजे. दोष निघाला तर तिथे पालेभाजी थांबवा. फुले किंवा लाकडाची झाडे लावा आणि कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्या. पाणी दूषित असेल तर शेजारच्या हिंदू बांधवांसह ग्रामसभेत उभे राहा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. एकच विहीर सर्वांना पाजते.

तो म्हणाला, "आणि दोष निघाला तर माझे नुकसान?" मी म्हटले, नुकसान आहेच, ते लपवणार नाही. परंतु जाणूनबुजून विकलेल्या जुडीचा हिशेब त्याहून महाग आहे. आठवड्याने तो मातीची पिशवी घेऊन आला.

हे अल्लाह, आमच्या मातीला, पाण्याला आणि रोजीला पाक ठेव. आमच्या हातून घडलेला बिघाड सुधारण्याची तौफिक दे. आमीन.