सत्य कुणाच्या कानी पडते

खरे बोलणे हा धर्म असेल, तर खरे सांगणाऱ्याच्या माथी कधी पाप येते का? महाभारताच्या कर्णपर्वात याचे उत्तर आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याने सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतले होते. जीव वाचवायला रानात शिरलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांनी विचारला आणि त्याने तो खराखुरा सांगितला. ती माणसे मारली गेली, कौशिक नरकात गेला. ही कथा कृष्ण अर्जुनाला ऐन युद्धात सांगतो. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात तिचा अर्थ मुंबईने अनुभवला. दिल्लीजवळच्या मानेसरच्या तळावरचे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे (एनएसजी) कमांडो ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये लढत होते आणि वाहिन्या त्यांच्या हालचाली थेट दाखवत होत्या. पाकिस्तानातले सूत्रधार ते पाहून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी, जिवंत पकडलेल्या कसाब या अतिरेक्याच्या खटल्याच्या निकालात नोंदवले. त्या प्रक्षेपणामुळे एखादा जवान दगावला का, हे सांगता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. पण धोका दिसत असताना वाट दाखवणे हाच मुळात दोष आहे.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: सुरक्षेचे नाव पुढे करून सत्ता स्वतःच्या चुकाही झाकते. ‘द टाइम्स’चा युद्धवार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याने १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातून ब्रिटिश सैनिकांची उपासमार, रोगराई आणि अधिकाऱ्यांची हेळसांड लिहिली, तेव्हा सेनापती लॉर्ड रॅग्लनने तक्रार केली की ही पत्रे शत्रूच्या कामी येतात. रसेल गप्प बसला असता तर आणखी कितीतरी सैनिक हकनाक मेले असते. मात्र हाच रसेल १८५७ च्या उठावाच्या बातम्या देण्यासाठी १८५८ मध्ये भारतात आला, तेव्हा सरसेनापती सर कॉलिन कॅम्पबेलने त्याला सारी माहिती देऊ केली, अट एवढीच की छावणीत वाच्यता करायची नाही, लिहायचे ते इंग्लंडला पाठवायच्या पत्रांतच. रसेलने अट मानली. पत्र लंडनला पोहोचायला कित्येक आठवडे लागत, तोवर माहितीची धार बोथट होई. तरीही लखनौच्या कैसरबागेतली लूट आणि आपल्याच सैन्याची क्रूरता त्याने लपवली नाही. रोखायची ती सैन्याच्या जागेची आणि वेळेची माहिती. घडलेली कृत्ये नव्हेत. हा भेद रसेलला कळला होता, म्हणूनच मला तो थोर वाटतो.

महाभारतातल्या संजयाकडेही याच नजरेने पाहावे. आपल्या मनात तो क्षणाक्षणाचे वर्णन करणारा बसला आहे, पण भीष्मपर्वात तो रणांगणावरून येतो तो भीष्म पडल्यावर, आणि मग मागचे सारे सांगतो. सांगतो कुणाला? ज्याच्या पुत्रमोहापायी युद्ध पेटले त्या धृतराष्ट्र राजाला, आणि त्याचा दोष त्याच्याच तोंडावर ठेवून. २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याकडूनच माहिती मिळते. हा नियम मला मान्य आहे, पण कारवाई संपली की ही बंदीही संपलीच पाहिजे. मानेसरहून कमांडो मुंबईत पोहोचायला उशीर झाला, हे नंतर उघडपणे लिहिले-बोलले गेले. सरकारला ते झोंबले असेल, पण शत्रूला त्याचा काही उपयोग नव्हता. उलट, असा उशीर पुन्हा होऊ नये म्हणून २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद इथे एनएसजीची केंद्रे सुरू झाली.