शोकाची वाकळ

आमच्या घरी एक वाकळ होती. तिच्यात पणजीच्या लुगड्याचा हिरवा काठ आणि आजोबांच्या धोतराचा तुकडा शेजारी शेजारी शिवलेले होते, आणि थंडीच्या रात्री ती अंगावर ओढताना आपण गेलेल्या माणसांच्या कुशीत निजतो आहोत, या जाणिवेने मला कधी भय वाटले नाही. म्हणूनच अमेरिकेतील एड्स-स्मृतिगोधडीविषयी प्रथम वाचले, तेव्हा ती मला परकी वाटली नाही.

१९८५ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत, समलिंगी हक्कांचे पुढारी हार्वे मिल्क यांच्या स्मरणार्थ निघालेल्या मेणबत्ती मोर्चात, कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांनी लोकांना एड्सने नेलेल्या आपापल्या माणसांची नावे पुठ्ठ्यांवर लिहायला सांगितले. ते पुठ्ठे सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवल्यावर ती भिंत जोन्स यांना ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. त्याच कल्पनेतून ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये, राष्ट्रपुरुषांच्या संगमरवरी स्मारकांच्या सान्निध्यात, हिरवळीवर १,९२० कापडी तुकडे अंथरले गेले. प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद, ६ फूट लांब. माणसाला अखेरचे निजायला लागते तेवढीच भूमी. ज्यांच्या देहाला हात लावायला काही अंत्यविधी करणारेही धजत नव्हते, त्यांच्यासाठी आई, सखा, शेजारी, क्वचित सर्वस्वी अनोळखी माणसेही जीनचे कापड, टाय, खेळण्यातली अस्वले शिवत बसली होती.

पाथरवट ज्याचे नाव कोरतो, त्याला तो बहुधा ओळखत नसतो. येथे मात्र एकेक अक्षर टाचताना ते नाव किती वेळा ओठांवर आले असेल! काही तुकड्यांवर केवळ पहिले नाव आहे. लोकलज्जेने मागे ठेवलेल्या आडनावाची ती मोकळी जागा मला सर्वांत अस्वस्थ करते, कारण शोकालाही परवानगी मागावी लागावी, याहून मोठे एकाकीपण मला कल्पिता येत नाही.

शिळा एकदा उभारली की आपल्या बळावर उभी राहते. कापडाला ते सामर्थ्य नाही. आज सुमारे ५०,००० तुकड्यांची, ५४ टन वजनाची ही गोधडी विरते, विटते, उसवते. मग ज्याने त्या मृताला कधी पाहिलेही नाही, असा कुणी सुईत दोरा ओवून बसतो. ती अंथरताना शुभ्र वस्त्रांतले स्वयंसेवक तिच्या घड्या कमळाच्या पाकळ्यांसारख्या उलगडत जातात, आणि नावे मोठ्याने वाचली जातात.

पणजीचा काठ विरला, तेव्हा आईने त्यावर आपल्या जुन्या साडीचे ठिगळ लावले. हिरवा रंग आता दिसत नाही. पण त्या जागी वाकळ थोडी जाड लागते, आणि अंधारात हात तिथे थांबतो.