मत नसलेल्यांचं मत

२३ नोव्हेंबर २०१९ची सकाळ. उज्जैनच्या फ्रीगंजात टॉवरजवळच्या पोह्यांच्या गाडीवर आमचं नेहमीचं टोळकं जमलं होतं. वाफाळते पोहे, वर शेव, जीरावनाची चिमूट, शेजारी जिलबी. तेवढ्यात एकाच्या फोनवर मुंबईच्या राजभवनातला शपथविधी दिसायला लागला. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री. गाडीवाला झारा हातात तसाच धरून म्हणाला, "भाऊ, तुम्हारे यहाँ लोग रात को सोते नहीं क्या?"

तुम्हारे यहाँ! शिंद्यांच्या फौजेमागून आमचं घराणं माळव्यात आलं त्याला पिढ्या लोटल्या. माझा जन्म इथला, मतदार यादीतलं नाव इथलं, मुंबईला आयुष्यात मोजून चार वेळा गेलो असेन. तरीही मी प्लेट बाजूला ठेवली आणि गाडीवाल्याला महाराष्ट्राची कुंडली मांडून दाखवली. कोण कोणाला गळाला लावतोय, कोण परत फिरणार, सगळं. ते सरकार ८० तासांत गडगडलं तेव्हा तर माझा भाव आणखी वधारला. पोहे मात्र त्या दिवशी गारच खावे लागले.

मराठीत 'मत' या शब्दाची गंमत आहे. पेटीत टाकायचं तेही मत आणि चौकात ठोकून द्यायचं तेही मत. पहिलं ज्यांच्याकडे नसतं त्यांच्याकडे दुसरं भरपूर असतं, हा माझा फ्रीगंजातला अनुभव.

मेलबर्नला असलेल्या भाच्याला हे सांगितलं तर तो खो खो हसला. म्हणाला, "मामा, आमच्या ऑफिसात हेच चालतं, फक्त ट्रम्पवरून." ऑस्ट्रेलियात १९२४पासून मतदान सक्तीचं आहे. केंद्राच्या निवडणुकीत मत दिलं नाही तर २० डॉलरचा दंड. शनिवारी मतदान असतं आणि केंद्राबाहेर पावात घातलेलं सॉसेज खाऊन लोक घरी जातात, सगळं कसं सहलीसारखं. पण भांडायला त्यांना वॉशिंग्टन लागतं. अमेरिकेतल्या वाहिन्यांचा पक्षपात, तिथल्या बंदुका, तिथले खटले, सगळं त्यांना पाठ. बंदुकांबद्दल बोलायचा त्यांना हक्कही आहे म्हणा. १९९६ साली पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना गोळ्या घातल्या आणि त्यांनी कायदे लगेच कडक केले. पण ज्या फॉक्स न्यूजला ते नाकं मुरडतात ती त्याच वर्षी सुरू करणारे रूपर्ट मरडॉक मूळचे मेलबर्नचेच, हे भाच्याच्या ऑफिसात फारसं कोणी काढत नाही. प्रेक्षकांतलाच एक जण उठून नाटक कंपनीचा मालक झाला होता.

आमचंही तसंच आहे, हे मला पुढे उमगलं. महाराष्ट्रात २०२४ साली 'लाडकी बहीण' आली, दीड हजार रुपये महिना. मराठी वाहिन्यांवर त्यावर घसे बसेपर्यंत चर्चा. आमच्या वहिनी ओट्यावर पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "ही आमचीच की हो! सासरी जाऊन नाव बदललं एवढंच." मध्य प्रदेशात 'लाडली बहना' २०२३लाच सुरू झाली होती, आमच्या कामवाल्या बाईच्या खात्यात पैसे येत होते. आमदार हॉटेलात नेऊन ठेवायची कलाही आम्ही घरी बघितलेली. मार्च २०२०मध्ये ज्योतिरादित्य शिंद्यांच्या मागून २२ आमदारांनी राजीनामे दिले, बरेचसे बंगळुरूत मुक्कामाला होते आणि कमलनाथांचं सरकार गेलं. सव्वादोन वर्षांनी महाराष्ट्रातले दुसरे एक शिंदे आमदार घेऊन सूरतमार्गे गुवाहाटीला गेले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाचं 'काय झाडी, काय डोंगार' ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो. आमच्या स्वतःच्या सरकारच्या वेळी मात्र कोणी हसलं नव्हतं. गाडीवर तेव्हा क्रिकेटचा विषय काढला जायचा. कोणाची बदली अडलेली, कोणाचा ठेका, कोणाचा पुतण्या पक्षात. बोलून चालणार नव्हतं.

मला वाटतं, परक्या राजकारणाची गोडी इथे आहे. तिथे शब्दाला किंमत मोजावी लागत नाही. २०२८च्या सिंहस्थासाठी शेतजमिनी लँड पूलिंगमध्ये घेऊन पक्कं कुंभनगर उभारायचं ठरलं आणि शेतकऱ्यांनी विरोध सुरू केला, तेव्हा आमच्या टोळक्यातले आवाज असे खाली आले की शेजारच्या बाकावर ऐकू जाऊ नये. मुंबईतल्या वरळीच्या ठाकरे-मेळाव्याबद्दल मात्र सगळे तावातावाने बोलत होते.

वरळीचं खरं तर वेगळं होतं. १६ एप्रिल २०२५ला महाराष्ट्र सरकारने मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, १७ जूनला शब्द सौम्य केले, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. ५ जुलैला उद्धव आणि राज ठाकरे त्याच्या विजयमेळाव्यात, वरळीला, सुमारे वीस वर्षांनी एका मंचावर आले. आमच्या घरी एकाच रिमोटवर मराठी वाहिनी आणि हिंदी वाहिनी शेजारी शेजारी. मराठीवर तो अस्मितेचा सोहळा होता. बटण दाबलं की तीच माणसं, तीच गर्दी, खाली पट्टी मात्र 'गुंडागर्दी'ची, आणि मीरा रोडच्या दुकानदाराला मराठी न बोलल्यावरून झालेल्या मारहाणीची चित्रफीत दहाव्यांदा. पुण्यातला माझा चुलतभाऊ पहिलीच बघतो, आमचे शेजारी दुसरीच. दोन्ही बघणारा मी. दोन्हीकडे काय गाळलंय ते मला दिसत होतं आणि त्याचा मला थोडा गर्वही होता, कबूल करतो.

त्याच आठवड्यात शेजारचे मास्तर फाटकाशी आले. एरवी आले की "और भाऊ, क्या चल रहा है तुम्हारे मुंबई में?" अशी सुरुवात, मग माझं अर्धा तास प्रवचन. त्या दिवशी आत आले नाहीत. फाटकाची कडी उघडझाप करत म्हणाले, "भाऊ, अपना लड़का ठाणे में है. कोई दिक्कत तो नहीं होगी न?"

सहा वर्षं ज्याला मी महाराष्ट्र समजावून सांगत होतो त्याला त्या क्षणी सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. ठाण्याच्या मावसभावाचा नंबर तेवढा लिहून दिला. मास्तर जाताना म्हणाले, "सीख रहा है थोड़ी-थोड़ी मराठी. हर बात में 'कशाला' बोलता है."

राखीला मुलगा घरी आला. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन वाकून नमस्कार केला आणि अगदी स्वच्छ म्हणाला, "काका, कसं काय, बरं आहे ना?"

मी म्हटलं, "सब बढ़िया, बैठो बेटा."

आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला.