छाप कुणाची, कर्ज कुणाचं?

कलापथकाच्या फलकावर काय काढायचं, यावरून परवाच्या बैठकीत जोरात वाजलं. एक दोस्त म्हणाला, "चिन्हंबिन्हं ही शेठजींच्या मालाची भानगड. आपण काय साबण विकतोय?" दुसरा म्हणाला, "असं जबरी चित्र काढू की बघणारा हादरला पाहिजे." मला दोघांचंही अर्धंच पटलं.

पहिल्याला माझं सांगणं असं. अमेरिकेत अलाबामा राज्यात लाउंड्स नावाचा परगणा आहे. तिथं 1965 साली दर 5 माणसांत 4 काळी. पण वर्षाच्या सुरुवातीला मतदारयादीत काळं माणूस एकही नाही. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाची तिथली निशाणी पांढरा कोंबडा, आणि सोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा उघड छापलेली. काळ्यांनी आपली वेगळी संघटना काढली. पुष्कळांना वाचता येत नव्हतं, म्हणून निशाणी हवी. त्यांनी काळा पँथर घेतला. तो अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या पँथरवरून काढलेला. अक्षर न येणाऱ्या शेतमजुरानं तो बघितला आणि ओळखलं, हे माझं. तेव्हा चिन्हाला शेठजींची भानगड म्हणणं, हे शिकलेल्याचं बोलणं झालं.

आपल्यावर तरी छापा कमी होत्या काय? गळ्यात मडकं, कमरेला झाडू, ही पेशवाईनं लादलेली ओळख. ती फेकायची तर स्वतःची ओळख स्वतः ठरवावी लागते. बाबासाहेबांच्या पत्रांची नावं बघा: 1920 साली 'मूकनायक', 1927 ला 'बहिष्कृत भारत', 1930 ला 'जनता', 1956 ला 'प्रबुद्ध भारत'. मुक्यापासून प्रबुद्धापर्यंत. ही नावं शोभेची नव्हेत. चळवळ कुठवर चालून आली, ते त्या नावांत आहे.

आता दुसऱ्या दोस्ताला. मी साच्यावर काम करतो. थानावर छाप बसते ती कापड विणून झाल्यावर, अगदी शेवटी. वीण विरळ असली तर ठळक छाप उलटी लागते. फसवलं कुणी, ते सगळ्या बाजाराला कळतं.

लाउंड्समध्ये मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून जमीनदारांनी कुळांना घराबाहेर काढलं. माणसं तंबूत राहिली, पण यादीतून हटली नाहीत. त्या पँथरमागं हे तंबू होते. तरी नोव्हेंबर 1966 च्या निवडणुकीत त्यांचे सगळे उमेदवार पडले. चित्रानं मतं मिळत नसतात. पुन्हा घरोघर फिरले, तेव्हा 1970 साली त्यांच्यातलाच जॉन ह्युलेट शेरीफ झाला. तोच पँथर 1966 साली ओकलंडच्या पोरांनी उचलला आणि 1969 पासून लहान मुलांना शाळेआधी फुकट न्याहारी दिली. तेच नाव 1972 साली मुंबईत आलं.

दोस्तांनो, निशाणी उसनी मिळते, फुकटही मिळते. पण भिंतीवर लावली की ती आपल्या नावावरचं कर्ज होते. रात्री-अपरात्री कुणा बाईनं ती बघून आपलं दार वाजवलं आणि आत कुणीच नसलं, तर आपण तिला फसवलं. जातीच्या छापेनं निदान आसऱ्याचं वचन तरी दिलं नव्हतं.

म्हणून माझं मत: चित्र जबरी काढा, खुशाल काढा. पण त्याआधी एक ठरवा. दार उघडायला रोज कोण बसणार? त्याचं नाव कळलं की रंगाचा डबा मी आणतो.

जय भीम.