कचेरीतील समजूतदारपणा

कचेरीत शिरताना मनुष्याने आपला राग व भय ही पादत्राणांबरोबर दाराबाहेर ठेवावी, असा उपदेश फार जुना आहे. अलीकडे त्याची जागा दुसऱ्या उपदेशाने घेतली आहे: विकार ओळखा, आवरा, आणि परक्याचेही जाणून घ्या. याला भावनिक बुद्धिमत्ता हे नाव मिळाले आहे. पीटर सॅलोवे व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली तिची शास्त्रीय मांडणी केली, १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या ग्रंथाने तिला लोकप्रियता दिली, आणि आता तिचे वर्ग भरवण्यात मोठमोठ्या कचेऱ्यांना भूषण वाटते.

यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. सॅलोवे व मेयर यांच्या व्याख्येत तीन अंगे आहेत: आपल्या व इतरांच्या भावनांकडे लक्ष ठेवणे, त्यांतील भेद ओळखणे, आणि त्यांतून जे कळेल त्याच्या आधारे विचार व वर्तन करणे. हे वर्तन कोणाच्या हिताचे असावे याविषयी व्याख्या मुकी आहे. समोरच्याचे मन वाचल्यावाचून ठगाचाही धंदा चालत नाही! नीतीचा सारा प्रश्न त्या मौनात दडला आहे, असे आम्हांस वाटते.

अर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषींनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात विमानातील सेविकांची हकीकत दिली आहे. उर्मट उतारूला लहान मूल समजावे, किंवा त्याच्यावर काही आपत्ती कोसळली असेल असे मानावे, म्हणजे आपला राग शमतो, अशी युक्ती त्यांस शिकवीत. युक्ती दयाळू खरी. परंतु उतारू वाढले व कामाची घाई वाढली, हे जर त्या रागाचे कारण असेल, तर राग शमल्याने कोणाची सोय झाली?

दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांस नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कचेरीत अधिकारी असता असाच एक वर्ग करून आलो होतो. त्याच आठवड्यात आमच्या हिशेबनिसाने दुसऱ्यांदा ताळेबंदात चूक केली. पूर्वी आम्ही ओरडलो असतो. या वेळी त्यास बसावयास सांगितले, पाणी मागविले, आणि शिकविलेल्या स्वरात म्हणालो, "तुमच्यावर किती ताण आहे हे मी समजू शकतो." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, समजता ना? मग त्या रिकाम्या जागेचं काय झालं?"

त्याच्या शेजारची जागा आठ महिने रिकामी होती व दोघांचे काम तो एकटा ओढीत होता, हे आम्हांस ठाऊक होते. ती भरावी म्हणून वरिष्ठांस खरमरीत लिहिणे हे आमचे काम होते. पण त्यांची मर्जी जाईल, या भयाने आम्ही ते टाळीत आलो होतो. वर्गात हिशेबनिसाचा राग ओळखावयास आम्ही शिकलो. आमचे भय मात्र तेथे कोणी विचारले नाही, व आम्हीही सांगितले नाही. अधिकाऱ्याने प्रथम तपासावी ती भावना हीच, असे आता वाटते. कारण तिची किंमत हाताखालचा मनुष्य भरीत असतो.

पत्र आम्ही अखेर लिहिले, पण तीन महिन्यांनी. तोवर हिशेबनिसाने बदली मागून घेतली होती.